तीन भोकं, तीन पिना

प्रिय बारके,

परवा तू दारात थांबलीस, चप्पल पायात सरकवलीस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, की शेवटी शेवटी अप्पांनी तुझी आठवण काढली होती का. मी म्हणाले, त्यांना बोलता कुठे येत होतं. तू मान हलवलीस आणि जिना उतरून गेलीस. परवा म्हणते आहे खरी, पण त्याला बावीस दिवस झाले. मी जे बोलले ते खोटं नव्हतं, पण ते तुझ्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. खरं उत्तर लांबलचक आहे आणि फोनवर माझी जीभ उचलत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. कागद संपले तर पडद्यांच्या मापांच्या वहीतली पानं फाडीन, पण आज पुरं करूनच उठेन.

आधी एक गंमत सांगते. तुझी ताई ऑप-अँप शिकली. हसू नकोस. म्हणजे हस, कुणीतरी हसायलाच हवं. जिला फ्यूज उडाला की शेजारच्या नर्सबाईंना हाक मारावी लागायची, ती आता तुला ऑपरेशनल ॲम्प्लिफायरच्या, म्हणजे बारीक आवाज मोठा करणाऱ्या चिपच्या, आठ पायांपैकी कुठला पाय कशाचा, ते झोपेतून उठवलंस तरी सांगेल. दोन उलटा कान, तीन सुलटा कान, चार मायनस, सात प्लस, सहातून आवाज बाहेर. एक, पाच आणि आठ यांच्याकडे अप्पांनी लक्ष देऊ नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी दिलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे शिकायची वेळ का आली, तेच सांगायचं आहे.

अप्पांच्या घशातली गाठ काढली हे मी तुला गेल्या वर्षी कळवलं होतं. तुझं दोन शब्दांचं उत्तर आलं होतं, काळजी घे. कुणी घ्यायची ते त्यात नव्हतं, पण मी ते अप्पांना दाखवलं आणि त्यांनी मोबाइल बराच वेळ हातात धरून ठेवला. ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. अगदीच गेला असंही नाही, नळाला पाणी यायच्या आधी नुसती हवा येते तशी कुजबुज उरली. कान त्यांच्या तोंडाशी नेला तर कळायचं, नाहीतर नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्या मजल्यावरून खाली रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला, तुमचा रेडिओ झालाय हो, म्हणून ओरडून सांगितलं, त्याला पाणी मागायला चमच्याने पेल्यावर वाजवावं लागायचं. मी माळ्यावरून तुझी शाळेतली पाटी काढून दिली. तीच, जिच्या लाकडी चौकटीवर तू खिळ्याने बॅटरी कोरली होतीस आणि आईचा धपाटा खाल्ला होतास. पुढचं सगळं बोलणं त्या पाटीवर झालं. आणि त्यांच्या मोबाइलचं कनेक्शन मी बंद करून टाकलं. ज्याला बोलता येत नाही त्याला फोन कशाला, असा माझा हिशेब. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

डॉक्टरीणबाईंनी एक तयार यंत्र सुचवलं होतं. कॉलरला माइक, कमरेला डबी, कुजबुजलं तरी मोठ्याने ऐकू येतं. अप्पांनी पाटीवर लिहिलं, घरात दुरुस्तीचं टेबल असताना विकत? आणि त्या बाईंसमोर अशी काही पाटी धरली, जणू बाईंनी त्यांना दुसऱ्याचे कपडे घालायला सांगितलं होतं. घरी येऊन ते लगेच तसलंच यंत्र स्वतः करायला बसले. पण हात थरथरायचे. पहिल्याच दिवशी सोल्डरिंगची तापलेली कांडी मांडीवर पडली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते तसेच बसून राहिले आणि मग हळूच मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागच्या खोलीत मशीनवर होते. घरात तिसरं माणूस नव्हतं, बारके. असतं तर त्यांनी माझ्याकडे बघितलं नसतं.

असं मी तुझ्या स्टुलावर बसले. त्या टेबलाजवळ मी आयुष्यात कधी बसले नव्हते. चहा ठेवायचा आणि मागे फिरायचं, एवढंच माझं तिथलं काम. टेबलाची वायरमन तू होतीस, मी पडदेवाली. मला वाटलं दोन दिवसांत कंटाळतील. पण अप्पांनी मला पहिलीच्या पोरीसारखं शिकवायला घेतलं. पाटीवर एक त्रिकोण काढला आणि लिहिलं, हा दोन कानांचा प्राणी. दोन्ही कानांत सारखंच सांगितलं तर गप्प बसतो. फरक ऐकू आला की लाखपट ओरडतो. मला काही झेपेना, तेव्हा त्यांनी पुसून दुसरी ओळ लिहिली, तुझ्या आत्यासारखा. मग एका क्षणात कळलं. आत्याला दोन घरांतून एकच बातमी आली तर ती ढुंकून बघायची नाही, पण दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक निघाला की संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत. मी हसले आणि अप्पांचे खांदे हलले. आवाज नसलेलं ते हसणं बघायला आधी भीती वाटायची, मग मी त्याची वाट बघायला लागले.

मायनस बारा व्होल्ट म्हणजे काय, यावर माझी गाडी तीन दिवस अडली. डब्यात बारा चमचे असू शकतात, काही नसणंही मी समजू शकते, पण उणे बारा चमचे कसे असतील? अप्पा न चिडता मला जिन्यात घेऊन गेले. ते, ज्यांनी तुला एका चुकीच्या रेझिस्टरसाठी दुपारभर फैलावर घेतलं होतं. आपल्या दारासमोर उभे राहून त्यांनी खडूने उंबऱ्यावर शून्य काढलं. वर बारा पायऱ्या आहेत, खाली बारा. वरच्या प्लस, खालच्या मायनस. शून्य म्हणजे रिकामं नव्हे, शून्य म्हणजे आपण जिथे उभे आहोत तो मजला. वरच्या मजल्यावरचा वकील खाली उतरत होता, त्याला वाटलं आम्ही दोघंही कामातून गेलो. ते शून्य अजून पुसट दिसतं. तू आलीस तेव्हा त्यावरूनच गेलीस.

मग पुढचा धडा आला, तो मला सगळ्यात आवडला. हा प्राणी मोकळा सोडला तर निरुपयोगी. जरा कुठे कुजबुज ऐकली की थेट शेवटच्या पायरीवर जाऊन बसतो, प्लसच्या नाहीतर मायनसच्या, मधलं काही नाही. त्याला कामाला लावायचं तर त्याच्या तोंडातून जे निघतं त्यातलं थोडं परत त्याच्याच उलट्या कानात घालायचं. मग तो स्वतःचं ऐकतो आणि भानावर राहतो. किती घालायचं त्यावर तो किती मोठ्याने बोलणार ते ठरतं. एक लाखाचा रेझिस्टर आणि एक हजाराचा, म्हणजे कुजबुज शंभरपट. मी पहिल्यांदा जोडलं तेव्हा तो लाखवाला उलट्याऐवजी सुलट्या कानात घातला. मीटरचा काटा वर गेला आणि जागचा हलेना. मी माइकवर फुंकर मारली, टिचकी मारली, शेवटी माइकलाच चार शब्द सुनावले, काटा ढिम्म. अप्पांनी लिहिलं, झाला तुझ्यासारखा. एकदा हट्टाला पेटला की स्वतःचंच खरं. आणि मग बोटाने दाखवलं, पाय तीन नाही, पाय दोन.

तीन महिने असं चाललं. सकाळी मी लोकांच्या खिडक्या मोजून यायची, दुपारी मशीनवर बसायची, चार वाजता अप्पा पेल्यावर चमचा वाजवायचे आणि मी हातातला पडदा तसाच सोडून उठायची. शिवणाऱ्या बाईला सोल्डर लवकर येतं, बरं का. टाका घट्ट हवा पण धागा कमी, हे तिथेही तसंच. अप्पांनी माझा पहिला नीट सांधा भिंगाखाली धरून बघितला आणि पाटीवर लिहिलं, बारकीपेक्षा बरा. मी ती पाटी संध्याकाळपर्यंत पुसू दिली नाही. तुला हे वाचून वाईट वाटेल, पण लिहिते, कारण पुढे जे घडलं ते यातूनच घडलं. आई गेल्यावर घर मी सांभाळलं, अप्पांचं पथ्यपाणी मी केलं, पण सबंध आयुष्यात त्यांनी मला काही शिकवलं ते हे तीन महिने. मी सुखात होते, बारके. ते दिवसेंदिवस वाळत चालले होते आणि मी सुखात होते.

आता अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळचं. तुला सांगायला नको, तुझ्या अंगावरून ती गेली आहे. पण मला लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

शाळेचा माइक-स्पीकरचा मिक्सर दुरुस्तीला आला होता. संध्याकाळी शाळेचा कार्यक्रम, सकाळी दहाला हेडमास्तर स्वतः न्यायला येणार. त्याचा आतला, वीज देणारा सप्लाय बिघडलेला, म्हणून तू टेबलावरच्या सप्लायवर तो चालवून बघत होतीस. तोच सप्लाय, अप्पांनी स्वतः बनवलेला, पुढे तीन सारखीच काळी भोकं, प्लस, शून्य, मायनस. खूण एकावरही नाही, कारण ज्याला माहीत नाही त्याने हात लावू नये हा अप्पांचा नियम. आदल्या संध्याकाळी तू मीटरने मोजून तिन्ही पिना लावल्या होत्यास. सकाळी हेडमास्तर आले, अप्पांनी त्यांना खुर्ची दिली, तुला बटण दाबायला सांगितलं. तू दाबलंस. फट्‌ असा आवाज आला आणि तो वास. आतल्या आठच्या आठ आयसी, म्हणजे तेच दोन कानांचे प्राणी, जळून गेल्या. हेडमास्तर मिक्सर उचलून दुसरीकडे घेऊन गेले. अप्पांनी बघितलं, प्लसची पिन मायनसमध्ये आणि मायनसची प्लसमध्ये. तू म्हणत राहिलीस की मी बरोबर लावलं होतं, मी मोजलं होतं. अप्पा म्हणाले, मग काय भूत आलं होतं? आणि वर म्हणाले, जिला प्लस-मायनस कळत नाही तिने या टेबलाला पुन्हा हात लावायचा नाही. महिन्याभरात तू नोकरी शोधलीस आणि गेलीस. अकरा वर्षं. तो सप्लाय अप्पांनी कपाटावर टाकला, तो माझ्या शिकवणीसाठी पहिल्यांदा खाली आला.

गेल्या महिन्यात आमचं सर्किट जवळजवळ झालं होतं. जुन्या ट्रान्झिस्टरच्या पोटातला स्पीकर बसवला होता, फक्त डबीत घालायचं बाकी. माझी सवय तुला माहीत आहे, मला धूळ दिसली की हात शिवशिवतात, त्यात पडद्यांच्या कापडाचा भुगा घरभर. सकाळी मी टेबल पुसायला घेतलं. फडकं नीट फिरावं म्हणून सप्लायच्या तिन्ही पिना काढल्या, पुसून झाल्यावर परत लावल्या. दुपारी चारला चमचा वाजला, मी बसले. बटण दाबण्याआधी मीटर लावायचा, हे अप्पांनी मला शंभरदा लिहून दाखवलं होतं. पण आदल्या दिवशी मीच स्वतः मोजून लावलं होतं ना. दाबलं. फट्‌. आयसीची पाठ फुगली, बोट लावलं तर भाजलं. आणि तो वास आला.

बारके, त्या वासासरशी मी अकरा वर्षं मागे गेले. त्या सकाळी हेडमास्तर घरात येणार म्हणून मी पुढची खोली आवरली होती. टेबलावर बोटभर धूळ, मला लाज वाटली. तू आंघोळीला गेली होतीस. मी पिना काढल्या, पुसलं, पिना लावल्या. तीन भोकं, तीन पिना. तीन कप तीन खुंट्यांना अडकवावेत तशा. कुठली कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. मग तुमचा आरडाओरडा झाला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि तेच फडकं माझ्या खांद्यावर होतं. मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण पिना मी काढल्या होत्या हे मला आठवत होतं आणि त्याने काही झालं असेल का, हे मी कुणालाही विचारलं नाही, हेही तितकंच खरं आहे. आधी वाटलं, एवढ्याशाने काय होतंय. मग तू गेलीस, आणि नंतर विचारायची हिंमत उरली नाही. मला त्यातलं काही कळत नाही, हे मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आले. ऑप-अँप शिकले आणि तेवढीही सोय राहिली नाही.

अप्पांनी ती जळकी आयसी तळहातावर घेतली. तिच्याकडे बघितलं, मग पिनांकडे, मग माझ्या खांद्यावरच्या फडक्याकडे. पाटी ओढली आणि सावकाश लिहिलं, त्या दिवशी पण पुसलं होतंस? मी मान हलवली. हो म्हणून. निदान तेवढं मी खोटं बोलले नाही. मला वाटलं आता पाटी फेकून मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी बाहीने अक्षरं पुसली, नवी आयसी काढून माझ्या हातात दिली आणि पुन्हा त्रिकोण काढला, पहिल्या दिवसासारखा. दोन उलटा कान, तीन सुलटा कान. माझे डोळे भरले होते, मला दिसत काही नव्हतं, तरी मी मान डोलवत राहिले. नंतरचे दोन दिवस त्यांनी पाटीवर धड्यापलीकडे काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एकच शब्द लिहिला, लवकर.

आणि मग मंगळवारी दुपारी डबी झाली. मी माइक त्यांच्या कॉलरला लावला, मीटरने सप्लाय दोनदा मोजला आणि बटण दाबलं. अप्पा कुजबुजले, हॅलो. खोलीत आवाज घुमला. खरखरीत, पत्र्यातून आल्यासारखा, पण स्पष्ट. ते स्वतःच दचकले आणि म्हणाले, हा कोण म्हातारा बोलतोय? मी हसता हसता रडले. नर्सबाई धावत आल्या, त्यांनाही त्यांनी, या बसा, म्हणून दाखवलं. त्या गेल्यावर अप्पांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मग माइक तोंडाजवळ धरून म्हणाले, बारकीला फोन लाव. तिला सांगतो, भूत सापडलं.

तू विचारलंस ना, आठवण काढली होती का. ही काढली.

मी फोन लावला नाही. तुझा नंबर माझ्या मोबाइलमध्ये, मोबाइल माझ्या हाताशी. स्पीकर माइकच्या समोर होता म्हणून मधूनच शिट्टी वाजत होती. बोललेलं परत माइकमध्ये जात होतं, दुसरं काही नाही. स्पीकर भिंतीकडे फिरवला असता तर ती थांबली असती, हे मला त्या वेळी कळत होतं, तीन महिने तेच तर शिकले होते. पण मी म्हणाले, अप्पा, शिट्टी येतेय, पोरीला नीट ऐकू जायचं नाही. एक कपॅसिटर बदलावा लागेल, उद्या आणते आणि मग लावू. मला भीती वाटली. ते फोनवर तुला सांगणार, चूक तुझी नव्हती, ताईची होती, आणि तू ते माझ्यासमोर ऐकणार. आणि नुसती भीतीच नाही, आज काही लपवणार नाही म्हणून तेही लिहिते, मला तुझा हेवा वाटला. एक फोन झाला की तू येणार, स्टुलावर बसणार, आणि मी चहा ठेवून मागे फिरणार. मला आणखी एक दिवस हवा होता. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. ज्याने ही विद्या शिकवली त्याला कपॅसिटरची थाप पचणार आहे का? पण ते एवढंच म्हणाले, बरं, उद्या.

बुधवारी अकरा वाजता मी पार्ट्सच्या दुकानात रांगेत उभी होते, ज्या कपॅसिटरची गरज नव्हती तो घ्यायला. माझ्या पुढचा माणूस कुठल्याशा रिमोटवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होता आणि मला उशीर होत असल्याचं बरंच वाटत होतं. तेवढ्यात नर्सबाईंचा फोन आला.

अप्पा टेबलाजवळ त्यांच्या खुर्चीतच होते, मान थोडी कललेली. डबी चालू होती, लाल दिवा पेटलेला. माइक त्यांनी स्वतःच कॉलरला लावला होता, वाकडा. स्पीकर भिंतीकडे फिरवलेला होता. खोलीत शिट्टी नव्हती. समोर त्यांचा मोबाइल होता, मी ड्रॉवरमध्ये टाकलेला, शोधून काढलेला. पण त्यात काहीच चालत नव्हतं, त्याचं कनेक्शन मीच बंद केलं होतं. आणि चालता तरी काय उपयोग, नंबर माझ्या पर्समधल्या मोबाइलमध्ये, मी दुकानात. नर्सबाई सांगत होत्या की अर्ध्या तासापूर्वी त्यांना भिंतीपलीकडून अप्पांचा आवाज आला होता, कुणाशी तरी बोलल्यासारखा. त्यांना वाटलं मी घरात आहे. शब्द कळले नाहीत, भिंत मधे होती.

तू आलीस तेव्हा हे सगळं मी झाकून ठेवलं होतं, खरंखुरं, पडद्याचं कापड टाकून. तू दीड तास बसलीस, चहा निवला, त्या कापडाकडे तू तीनदा बघितलंस आणि विचारलं काही नाहीस. दारात विचारलंस, तेव्हा मी मूग गिळले. अकरा वर्षांपूर्वी गिळले होते तसेच. तू जिन्याने खाली जाताना तुझी पाठ बघितली आणि कळलं, की आता तू आयुष्यभर मनात धरणार, अप्पा रागातच गेले. तेवढं होऊ नये म्हणून हे पत्र. मला माफ कर असं म्हणायचं धाडस नाही, ते तू तुझं ठरव. पण अप्पांकडून तुला जे मिळायला हवं होतं ते मी दोनदा अडवलं, तिसऱ्यांदा अडवणार नाही. भूत सापडलं, बारके. मी होते. टेबलावर त्यांच्या हाताशी तुझी पाटी होती आणि तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत, माझ्यासाठी, दोनच शब्द लिहिलेले होते. बारकीचा नंबर? नंतर मी कापड काढलं. पाटी तशीच आहे, पिना तशाच आहेत, टेबलावर आता चांगली धूळ साचली आहे. मी पुसलेलं नाही.

तुझीच, तू म्हणशील तर,
ताई